टक्क्यांची सरासरी काढताना कुठं चुकतं? दूध, ऊस, धरण आणि मार्कांचा हिशेब असा करा

दहा दिवसांनी डेअरीचं बिल हातात येतं. बिलाच्या शेवटी एकूण लिटर आणि सरासरी फॅट असे दोन आकडे असतात. घरातलं शिकलेलं पोरगं मोबाईल काढतं, वीस वेळच्या फॅटची बेरीज करतं, वीसनं भागतं आणि सांगतं, "सरासरी ३.८ येतेय, बिलावर मात्र ३.६ लावलीय." मग डेअरीवर वादावादी सुरू.

वाद घालायला हरकत नाही, पण आधी आपला हिशेब पक्का पाहिजे. टक्क्यांची नुसती बेरीज करून भागलं की बहुतेक वेळा सरासरी चुकीची येते. कधी ती आपल्या बाजूनं चुकते, कधी समोरच्याच्या. दुधाचं फॅट, उसाचा उतारा, धरणाचा साठा, सोयाबीनचं मॉइश्चर, मतदान, पोरांचे मार्क, हे सगळे टक्केच आहेत आणि सगळीकडं एकच गफलत होते.

आधी विचारायचं : टक्के कशाचे?

टक्का एकटा कधीच नसतो. तो कशाचा तरी असतो. ३.५ फॅट म्हणजे शंभर भाग दुधात साडेतीन भाग फॅट. आता ते दूध पाच लिटर आहे की पन्नास, हे टक्क्यावरून कळत नाही. नुसते टक्के घेऊन सरासरी काढली की पाच लिटरला आणि पन्नास लिटरला सारखाच मान दिल्यासारखं होतं.

म्हणून पद्धत अशी. प्रत्येक टक्क्याला त्याच्या मालानं गुणायचं. सगळे गुणाकार मिळवायचे. त्या बेरजेला एकूण मालानं भागायचं. शाळेच्या पुस्तकात याला भारित सरासरी म्हणतात. नाव लक्षात नाही राहिलं तरी चालेल.

एका गोठ्याचं उदाहरण घेऊ. सकाळी १२ लिटर दूध, फॅट ३.४. संध्याकाळी ८ लिटर, फॅट ४.०. (सकाळची धार आणि संध्याकाळची धार यात वेळेचं अंतर कमी असलं की संध्याकाळी दूध कमी निघतं आणि फॅट थोडं जास्त लागतं, हे गाय पाळणाऱ्याला सांगायला नको.) नुसती सरासरी येते ३.७. आता बरोबर हिशेब करा :

१२ × ३.४ = ४०.८
८ × ४.० = ३२.०
बेरीज ७२.८, एकूण दूध २० लिटर
७२.८ ÷ २० = ३.६४

फरक अर्ध्या पॉइंटचा. लहान वाटतो, कारण दोन्ही वेळचं दूध आणि फॅट फार लांब नाहीत. तेच घरात गाय आणि म्हैस दोन्ही असतील आणि दूध एकाच किटलीत ओतलं तर बघा काय होतं. गाईचं १५ लिटर ३.६ फॅटचं, म्हशीचं ५ लिटर ७.० फॅटचं. नुसती सरासरी ५.३. खरी सरासरी (५४ + ३५) ÷ २० = ४.४५. जवळजवळ एक टक्क्याचा फरक. किटलीत फॅट ४.४५ च्या आसपास लागलं म्हणून मशीनवाल्यावर संशय घेण्यात अर्थ नाही.

एक शंका कायम येते. फॅट वजनावर मोजतात आणि दूध आपण लिटरवर घालतो, मग हिशेब चुकणार नाही का? लिटरचं किलो करताना सगळ्याच दुधाला साधारण एकाच आकड्यानं, म्हणजे १.०३ नं गुणावं लागतं. वरही तोच आकडा, खालीही तोच, त्यामुळं सरासरीत फरक पडत नाही. एसएनएफची सरासरीसुद्धा याच पद्धतीनं काढायची.

टँकरचं फॅट कमी का लागतं?

गावच्या सभेत सगळ्यात जास्त आवाज याच विषयावर चढतो. सभासदांच्या स्लीपा बघितल्या तर बऱ्याच जणांचं फॅट चारच्या वर असतं. आणि गावचा टँकर चिलिंग सेंटरला गेला की फॅट ३.७ लागतं. मधलं फॅट कुठं गेलं? नाव येतं सचिवावर.

खोटं कुणी करतच नाही असं माझं म्हणणं नाही. पण बातमीच्या निमित्तानं असे वाद ऐकले तेव्हा दर वेळी एक गोष्ट दिसली : दोन्ही बाजूंनी सरासरी काढलेलीच नसते, किंवा चुकीची काढलेली असते. समजा केंद्रावर ४० लहान शेतकरी आहेत, प्रत्येकाचं ५ लिटर दूध आणि फॅट ४.१. आणि तीन मोठे गोठे आहेत, प्रत्येकाचं १०० लिटर, फॅट ३.४. स्लीपा एकूण ४३. त्या ४३ स्लीपांवरच्या फॅटची सरासरी काढली तर येते ४.०५. आता लिटर धरून :

लहान शेतकरी : २०० लिटर × ४.१ = ८२०
मोठे गोठे : ३०० लिटर × ३.४ = १०२०
बेरीज १८४०, एकूण ५०० लिटर
१८४० ÷ ५०० = ३.६८

म्हणजे टँकरला ३.६८ लागलं तर एक थेंबही इकडंतिकडं झालेला नाही. स्लीपा चाळीस लहानांच्या आहेत, पण दूध जास्त मोठ्यांचं आहे. स्लीपा मोजल्या की ४.०५ येतं, दूध मोजलं की ३.६८.

याची दुसरी बाजूही आहे. याच केंद्राच्या टँकरला ३.४ लागत असेल तर आता तुमच्या हातात नेमका आकडा आहे. ३.६८ यायला पाहिजे होतं, ३.४ आलं, फरक २.८ पॉइंटचा. मग मशीनचं कॅलिब्रेशन कधी झालं, नमुना नीट ढवळून घेतला का, बल्क कूलरमध्ये काय झालं, हे प्रश्न विचारता येतात. "अर्धा टक्का फॅट खाल्लं" असं ओरडण्यापेक्षा "२.८ पॉइंटचा हिशेब द्या" म्हटलं की उत्तर द्यावं लागतं. एखाद-दुसऱ्या पॉइंटचा फरक मात्र नमुन्यात आणि मशीनमध्ये पडू शकतो, तेवढ्यावर भांडू नये.

बिल सरासरीवर की स्लीपवर?

शक्यतो दर वेळच्या स्लीपवरच भाव लागला पाहिजे. दहा दिवसांचं सरासरी फॅट धरून एकच भाव लावणं चुकीचं, मग ती सरासरी कितीही बरोबर काढलेली असो. कारण दरपत्रक सरळ चढत-उतरत नाही. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया धरतात. त्याच्या वर गेलं की पॉइंटमागं वाढ वेगळी आणि खाली आलं की कपात वेगळी असू शकते.

समजा ३.५ ला ३४ रुपये आहे. वर गेलं की पॉइंटला ३० पैसे वाढ, खाली आलं की पॉइंटला १ रुपया कपात. निम्मं दूध ३.२ फॅटचं आणि निम्मं ३.८ फॅटचं. सरासरी ३.५, म्हणजे भाव ३४ रुपये. पण स्लीपनुसार ३.२ ला ३१ रुपये आणि ३.८ ला ३४ रुपये ९० पैसे, दोन्हीची सरासरी ३२ रुपये ९५ पैसे. लिटरमागं १ रुपया ५ पैशांचा फरक. इथं सरासरी शेतकऱ्याच्या फायद्याची दिसते. पण कपात कमी आणि वाढ जास्त असलेल्या दरपत्रकात हेच उलटं होईल. म्हणून आपल्या केंद्राचं दरपत्रक मागून घ्या, त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, आणि बिल स्लीपनुसार तपासा.

उसाचा उतारा : टनाला ६५ रुपये इकडचे तिकडे

एफआरपी उताऱ्यावर ठरते. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्रानं १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये धरले. त्याच्या वर प्रत्येक ०.१ टक्क्याला क्विंटलमागं ३ रुपये ४६ पैसे, म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे वाढ. ९.५ टक्क्यांच्या खाली उतारा गेला तरी दर क्विंटलला ३२९ रुपये ५ पैशांच्या खाली येत नाही.

आता उतारा रोज वेगळा असतो. कारखाना सुरू होतो तेव्हा ऊस पुरता पिकलेला नसतो, उतारा कमी. थंडी पडली की वाढतो, उन्हाळा लागला की परत घसरतो. व्हॉट्सॲपवर महिन्या-महिन्याच्या उताऱ्याचे आकडे फिरतात आणि कट्ट्यावर लोक त्यांची बेरीज करून पाचनं भागतात. एका कारखान्याचा हंगाम असा होता असं धरू :

नोव्हेंबर : ५० हजार टन गाळप, उतारा ९.०
डिसेंबर : दीड लाख टन, १०.५
जानेवारी : दीड लाख टन, ११.२
फेब्रुवारी : १ लाख टन, ११.५
मार्च : ५० हजार टन, १०.८

पाच टक्क्यांची बेरीज ५३, भागिले पाच, सरासरी १०.६०. आता साखर मोजा. नोव्हेंबरची ४,५०० टन, डिसेंबरची १५,७५०, जानेवारीची १६,८००, फेब्रुवारीची ११,५००, मार्चची ५,४००. एकूण साखर ५३,९५० टन. एकूण ऊस ५ लाख टन. उतारा १०.७९.

१०.६० आणि १०.७९ मध्ये फरक ०.१९ चा. वरच्या दरानं टनाला साधारण ६५ रुपये ७४ पैसे. शंभर टन ऊस घातलेल्या शेतकऱ्याला साडेसहा हजार रुपयांच्या वर. तोडणी-वाहतूक यातून कापली जाते ती वेगळी, पण हा फरक जागेवरच राहतो.

इथं नुसती सरासरी कमी आली, कारण नोव्हेंबरच्या ५० हजार टनांनी जानेवारीच्या दीड लाख टनांएवढी जागा खाल्ली. ज्या कारखान्यानं सुरुवातीला जोरात गाळप केलं आणि नंतर ऊस संपला, तिथं नुसती सरासरी खऱ्यापेक्षा जास्त येईल, आणि शेतकरी उगाच जादा पैशांची वाट बघत बसेल. हंगामाचा उतारा म्हणजे एकूण साखर भागिले एकूण ऊस. महिन्यांचे उतारे हातात असले तरी गाळप माहीत असल्याशिवाय सरासरी काढू नका.

बी हेवी मळीपासून किंवा थेट रसापासून इथेनॉल केलं तर साखर कमी निघते आणि नुसता पोत्यांवरून काढलेला उतारा कमी दिसतो. ती साखर परत धरून उतारा ठरवण्याची पद्धत वेगळी आहे. वरचा हिशेब साध्या गाळपाचा आहे.

धरणांचे टक्के

पावसाळ्यात रोज सकाळी धरणांचा तक्ता फिरतो आणि कुणीतरी खाली लिहितं, "जिल्ह्यात सरासरी साठ टक्के साठा." कोयनेची एकूण क्षमता १०५.२५ टीएमसी. धोम १३.५०, कण्हेर १०.१०, उरमोडी ९.९६. समजा कोयना ९० टक्के भरलंय, धोम ६०, कण्हेर ५०, उरमोडी ४०. नुसती सरासरी बरोब्बर ६०. पण पाणी मोजलं तर चारही धरणांत मिळून १११.८६ टीएमसी, क्षमता १३८.८१ टीएमसी, म्हणजे ८०.६ टक्के.

तरीसुद्धा उरमोडीच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या शेतकऱ्याला ८० टक्क्यांचा काही उपयोग नाही. कोयनेचं पाणी त्याच्या पाटात येत नाही. त्याला त्याचे ४० टक्केच बघायला लागतील. सरासरी बरोबर असली तरी ती कुणासाठी काढलीय हे बघावं लागतं.

उजनीचं आणखी वेगळं. उजनीचे टक्के उपयुक्त साठ्याचे असतात, तो ५३.५७ टीएमसी. त्याखाली ६३.६६ टीएमसी मृतसाठा आहे. म्हणून उजनी शून्य टक्के म्हटलं तरी धरणात पाणी असतं, आणि उन्हाळ्यात टक्के वजा मध्ये जातात. एका धरणाचे टक्के एकूण साठ्याचे आणि दुसऱ्याचे उपयुक्त साठ्याचे असतील तर त्यांची सरासरी काढूच नये. आधी दोन्ही एका मापात आणा.

नुसती सरासरी कुठं चालते?

जिथं प्रत्येक टक्क्यामागचा आकडा सारखा आहे तिथं बेरीज करून भागलं तरी उत्तर बरोबर येतं. घरच्या सोयाबीनची उगवण तपासताना ओल्या गोणपाटावर शंभर-शंभर दाणे मांडतो. तीन वेळा केलं आणि ७२, ६८, ७६ दाणे उगवले तर सरासरी ७२ टक्के. इथं गुणाकाराची गरज नाही, तिन्ही वेळा दाणे शंभरच होते. सोयाबीनला किमान ७० टक्के उगवण धरतात, म्हणजे हे बियाणं चालेल. एकदा शंभर आणि एकदा पन्नासच दाणे मांडले असतील तर मात्र एकूण उगवलेले दाणे भागिले एकूण मांडलेले दाणे.

मार्कांचंही तसंच. सगळे विषय शंभर मार्कांचे असतील तर टक्क्यांची सरासरी बरोबर. पण तोंडी परीक्षा २० ची आणि लेखी ८० ची असेल, तोंडीत ९० टक्के आणि लेखीत ६० टक्के पडले, तर पोराला ७५ टक्के पडले असं होत नाही. १८ आणि ४८ मिळून ६६.

मतदानातही आकडे असेच फसवतात. ३ हजार मतदारांच्या गावात ६० टक्के आणि ५०० मतदारांच्या वाडीत ९० टक्के मतदान झालं, तर दोन्ही मिळून ६४.३ टक्के. पंचाहत्तर नाही.

सोयाबीनचं मॉइश्चर हमीभावाच्या खरेदीला १२ टक्क्यांपर्यंत धरतात (कधीकधी सरकार सूट देतं). २० क्विंटल माल ११ टक्क्यांचा आणि ५ क्विंटल १६ टक्क्यांचा असेल तर सरासरी बरोबर १२ येते. म्हणून सगळा माल पास होईल असं समजू नका. केंद्रावर बंबी पोत्यात घालून नमुना काढतात, आणि ओल्या पोत्यात बंबी गेली की मशीन १६ च दाखवणार. ते पाच क्विंटल आधी वाळवून घ्या.

वाढ आणि घट : इथं बेरीजच चालत नाही

भाव यंदा ५० टक्के वाढला, पुढच्या वर्षी ४० टक्के पडला. लोक म्हणतात, दोन वर्षांत १० टक्के वाढला, म्हणजे वर्षाला सरासरी ५. करून बघा. १०० रुपयांचा भाव ५० टक्के वाढून १५० झाला. १५० चे ४० टक्के म्हणजे ६० कमी, राहिले ९०. भाव वाढला नाही, १० टक्के पडला. दुसऱ्या वर्षीचे टक्के १०० चे नव्हते, १५० चे होते. असा हिशेब करताना पहिला भाव आणि शेवटचा भाव घ्या आणि फरक काढा, मधल्या टक्क्यांच्या नादी लागू नका.

मोबाईलवर कसं करायचं?

आजकालच्या मोबाईलमधल्या कॅल्क्युलेटरमध्ये १२ × ३.४ + ८ × ४ असं सलग टाकलं तर ७२.८ येतं, कारण तो आधी गुणाकार करतो. दुकानातल्या साध्या कॅल्क्युलेटरवर तेच टाकलं तर १९५.२ येईल, कारण तो दाबाल त्या क्रमानं हिशेब करत जातो. साध्या कॅल्क्युलेटरवर प्रत्येक गुणाकारानंतर एम प्लस दाबा आणि शेवटी एम आर दाबून बेरीज घ्या. सुरुवातीला जुनी मेमरी पुसायला एम सी दाबायला विसरू नका. टक्क्याचं बटण या हिशेबात लागत नाही.

उत्तर आलं की दोन गोष्टी बघा. ते सगळ्यात लहान टक्का आणि सगळ्यात मोठा टक्का यांच्या मध्येच असलं पाहिजे, बाहेर गेलं तर कुठंतरी चुकलंय. आणि दोनच टक्के असतील तर ज्याचा माल जास्त त्याच्या टक्क्याकडं ते झुकलेलं असलं पाहिजे. १५ लिटर ३.६ आणि ५ लिटर ७.० यांची सरासरी सातच्या जवळ आली तर लिटर उलटे टाकले गेलेत.

आणि माल किती हेच माहीत नसेल, नुसते टक्केच हातात असतील, तर सरासरी काढता येत नाही. तेव्हा लिटर, टन नाहीतर क्विंटल मागून घ्यायचे.